खेळाच्या यंत्रातील लबाडी

सोंगट्या असोत की गोट्या, खेळ म्हटला की लबाडी करणारा एखादा भिडू निघतोच. शकुनीमामाच्या फाशांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. आता खेळ बदलले. मुले पडद्यावर खेळू लागली. पण लबाडी काही गेली नाही, ती यंत्रात शिरली. ती कशी शिरते, हे आज आपण समजून घेऊ. कारण मुलगा ज्या फोनवर खेळतो तो फोन बापाचा असतो, आणि त्याच फोनात घरचा पैसाही असतो.

आधी यंत्र पाहू. १९८३ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र काढले. पुढे त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे आल्या. १९९० नंतर आमच्या विश्रांतवाडीतही काही घरांत ती यंत्रे दिसू लागली. यंत्रात कॅसेट खोचायची आणि खेळायचे.

कॅसेटमध्ये हुकूम लिहिलेले असतात. ‘बटण दाबले की माणसाला उडी मारायला लाव.’ ‘माणूस खड्ड्यात पडला की एक जीव कमी कर.’ असे हजारो हुकूम. यंत्र हुकूम वाचते आणि तसे वागते. त्याला स्वतःची अक्कल नसते. किती जीव उरले, हा आकडा मात्र यंत्र आपल्या स्मरणात ठेवते. हे स्मरण म्हणजे भिंतीतले कोनाडे समजा. त्या यंत्रात असे २,०४८ कोनाडे होते. प्रत्येक कोनाड्याला नंबर होता. एका कोनाड्यात ० ते २५५ यांपैकी एकच आकडा मावत असे.

आता लबाडी पाहू. १९९० साली परदेशात ‘गेम जिनी’ नावाचे एक उपकरण विक्रीला आले. ते इंग्लंडच्या कोडमास्टर्स कंपनीने तयार केले होते. ते कॅसेट आणि यंत्र यांच्या मधे बसे.

समजा, पाटलांनी गड्याबरोबर हमालाला निरोप धाडला, “दर गाडीमागे एक पोते उतरवून घे.” गड्याने वाटेत निरोप बदलला. तो हमालाला म्हणाला, “एकही पोते उतरवू नको.” पाटलांनी निरोप बरोबर दिला. हमालही प्रामाणिक. लबाडी केली ती मधल्याने. गेम जिनीचे काम असेच. ‘एक जीव कमी कर’ हा हुकूम कॅसेटमधून निघाला, की हे उपकरण वाटेत तो बदलून टाकी. मग माणूस कितीदाही पडो, जीव तीनचे तीनच! उपकरण काढले, की खेळ पुन्हा पहिल्यासारखा.

याविरुद्ध निन्टेंडोचा वाद अमेरिकेत न्यायालयात गेला. १९९२ साली तिथल्या अपील न्यायालयाने निकाल निन्टेंडोच्या विरुद्ध दिला. आपण विकत घेतलेल्या खेळात घरी बसून असा तात्पुरता बदल केला, तर कंपनीचा हक्क बुडत नाही, असे ठरले.

खरेच आहे. एकटा खेळणारा फसवून फसवणार कुणाला? पण समोर दुसरा भिडू बसला, की गोष्ट वेगळी. २०१८ साली चीनमध्ये शांघाय शहरी संगणकावरील खेळांचे सामने होते. आपल्या देशाचा ‘ऑप्टिक इंडिया’ हा संघ तिथे गेला होता. त्यातल्या एका खेळाडूच्या संगणकात नेम आपोआप लागण्याची लबाडी सापडली. सारा संघ बाद झाला. त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. लबाडी एकाने केली, घरी सगळे आले.

हीच युक्ती आपल्या खिशापर्यंतही येते. २०१७ साली ठाण्याच्या पोलिसांनी राज्यात अनेक पेट्रोल पंपांवर छापे घातले. काही ठिकाणी यंत्रात चिप बसवलेली निघाली. काट्यावरचा आकडा पुरा, पण टाकीत पेट्रोल कमी! मधला गडी इथेही होताच. म्हणून शंका आली तर पंपावर पाच लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप मागावे. तो आपला हक्क आहे.

आता फोनचे पाहू. फोनवर दहा जण मिळून खेळतात, तेव्हा पैसे देऊन घेतलेल्या नाण्यांचा आणि हिऱ्यांचा हिशेब आपल्या फोनात नसतो. तो कंपनीच्या दूरच्या यंत्रात असतो. जो कोनाडा आपल्या घरातच नाही, त्यातला आकडा घरी बसून कसा बदलणार? तेव्हा ‘हे ॲप घाला, फुकट हिरे मिळवा’ असे कुणी सांगितले, तर ती थाप समजावी.

पोर हिऱ्यांच्या आशेने ते ॲप घेते. ॲप विचारते, “तुमचे निरोप वाचू का?” पोर “हो” म्हणते. त्या निरोपांतच बँकेचा ओटीपी येतो. तो चोराच्या हाती लागला, की खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. पोराला वाटते आपण खेळाला फसवले. प्रत्यक्षात फसतो तो बाप. इथे मधला गडी आपणच घरात घेतलेला असतो.

तेव्हा एवढे करा. फोनच्या स्वतःच्या दुकानातूनच ॲप घ्या, कुणी धाडलेल्या दुव्यावरून घेऊ नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. ज्या फोनवर मुले खेळतात, त्यात शक्यतो बँक ठेवू नका. पैसे गेलेच, तर लाजू नका, थांबू नका. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

आणि पोराला मारू नका. मार बसला, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. त्याला जवळ बसवा आणि पाटलांच्या निरोपाची गोष्ट सांगा. मग त्यालाच विचारा, “या फोनात मधला गडी कोण, ते मला दाखव बरं!”