पहिलं गाणं कुणाचं?

२ मे २००५ च्या संध्याकाळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तीन वयस्कर गृहस्थ मंचावर आले. एरिक क्लॅप्टन साठीचा, जॅक ब्रूस एकसष्टचा, जिंजर बेकर पासष्टचा. याच हॉलमध्ये २६ नोव्हेंबर १९६८ ला त्यांच्या ‘क्रीम’ या बँडने निरोप घेतला होता. ब्रूस आणि बेकर यांचं हाडवैर रॉकच्या दुनियेत सर्वज्ञात होतं. त्यात २००३ मध्ये ब्रूसचं यकृत बदलावं लागलेलं, बेकरचे सांधे धरलेले. आता नाही तर कधीच नाही, अशी वेळ आलेली. लंडनचे चार कार्यक्रम आणि त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे तीन, एवढ्यावर हे पुनर्मीलन आटोपलं.

या कार्यक्रमांविषयी लिहिताना ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’, ‘व्हाइट रूम’, ‘क्रॉसरोड्स’ यांची नावं हमखास येतात. लंडनच्या कार्यक्रमाची सुरुवात ज्या गाण्याने झाली ते ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड’ मात्र बहुतेकांच्या लेखी हात मोकळे करण्यापुरतं. माझ्या मते त्या कार्यक्रमातलं सगळ्यात वजनदार गाणं तेच होतं. १९६९ च्या त्यांच्या ‘गुडबाय’ या निरोपाच्या रेकॉर्डवरही पहिलं गाणं हेच आहे.

गाणं त्यांचं नव्हे. रॉकमध्ये दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात गायलं की त्याला कव्हर म्हणतात. मूळ गाणं मिसिसिपीतल्या बेंटोनिया गावच्या स्किप जेम्सचं. १९०२ चा जन्म, वडील धर्मोपदेशक. १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन इथे पॅरामाउंट कंपनीने त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. ही कंपनी एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. कारखाना फोनोग्राफची लाकडी कपाटंही बनवायचा, आणि कपाटं खपायची तर वाजवायला रेकॉर्ड हव्यात, असा तो सरळ हिशेब. पण तोवर महामंदी आलेली. रेकॉर्ड खपल्या नाहीत, जेम्सच्या हाती जवळपास काहीच पडलं नाही. तो चर्चच्या वाटेला लागला आणि ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या संगीताच्या, जगातून तीस-एक वर्षं नाहीसा झाला.

ते जुनं ध्वनिमुद्रण ऐकताना गिटार एकटाच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही, इतकी बोटं धावतात. वर जेम्सचा तो उंच, पातळ आवाज. शब्द आनंदाचे, पण आवाजात आनंद असा सापडत नाही. आता गंमत पाहा. हे गाणंही पूर्णपणे जेम्सचं नाही. आर्ट सायझमोर आणि जॉर्ज लिटल यांचं ‘सो टायर्ड’ हे १९२७ चं लोकप्रिय गाणं त्याने उचललं आणि थकव्याच्या जागी आनंद घालून पार उलटंपालटं केलं. उसनवारी त्या परंपरेत पाप नव्हतीच.

१९६४ मध्ये जॉन फेही, बिल बार्थ आणि हेन्री व्हेस्टाइन हे तीन तरुण गिटारवादक त्याला शोधत मिसिसिपीत फिरले. तो सापडला ट्युनिकाच्या रुग्णालयात, आजारी. त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. त्यानंतर त्याने हे गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, वयोमानाने सोपं करून. क्रीमने १९६६ च्या ‘फ्रेश क्रीम’ या पहिल्या अल्बमसाठी धरलं ते हे सोपं रूप. १९३१ ची बोटं त्यांच्याकडे नाहीतच. त्याऐवजी ब्रूस आणि क्लॅप्टन एकत्र आवाज लावतात, खाली बेकरचे ढोल गडगडतात. दु:खाची छटा बरीचशी पुसली जाते. मूळ गाणं थोर, कव्हर जोरकस, असं माझं मत आहे.

पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर हेच कव्हर मोलाचं ठरतं. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा. कव्हर करताना ध्वनिमुद्रण नवं होतं, म्हणून जुन्या रेकॉर्डच्या मालकाला काही मिळत नाही. रचना मात्र ज्याच्या नावावर, त्याला रॉयल्टी द्यावीच लागते. अमेरिकेतल्या १९०९ च्या कायद्याने तिचा दर एका प्रतीतल्या एका गाण्याला दोन सेंट ठरवला होता आणि १९७८ पर्यंत तो तसाच राहिला. त्यातही प्रकाशकाचा वाटा. रक्कम क्षुल्लक दिसते, पण ‘गुडबाय’ ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, तिथे थेंबे थेंबे तळे साचतं.

अट एकच, श्रेयाच्या जागी नाव खरं हवं. क्रीमने तिथे स्किप जेम्सचं नाव छापलं. यात विशेष काय, असं वाटेल. पण त्या काळी ब्लूज गायकांची गाणी ‘पारंपरिक’ म्हणून किंवा सरळ स्वतःच्या नावावर खपवणारे कमी नव्हते. लेड झेपलिन या रॉक बँडच्या ‘होल लोटा लव्ह’वर श्रेय मिळवायला ब्लूज गीतकार विली डिक्सनला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि तडजोड व्हायला १९८७ उजाडलं.

जेम्सला मात्र पैसे हयातीत मिळाले. आयुष्यभराच्या संगीतातून त्याच्या हाती घसघशीत असं पडलं ते एवढंच. कर्करोगाने ३ ऑक्टोबर १९६९ ला तो फिलाडेल्फियात वारला.

ब्रूस २०१४ मध्ये गेला, बेकर २०१९ मध्ये. अल्बर्ट हॉलच्या त्या कार्यक्रमांचा अल्बम आणि चित्रीकरण सहज मिळतं. ते लावण्याआधी तीन मिनिटं काढून १९३१ चा स्किप जेम्स ऐका. क्रम उलटा करू नका. क्रीमच्या गडगडाटानंतर ती एकटी गिटार कानाला बारीक वाटेल, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.