थकव्याचं निदान : अ‍ॅडिसनपासून आजपर्यंत

1855 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी 11 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. माणसं दिवसेंदिवस गळत जात, अन्नावरची वासना उडे, कातडी काळवंडे आणि शेवटी मृत्यू येई. शवविच्छेदनात दोष सापडला तो मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमध्ये. त्यांतल्या अनेकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की या ग्रंथी काढल्या तर जीव जगत नाही.

त्यानंतर जवळजवळ शतकभर निदान होई, पण हाती खात्रीचं औषध नव्हतं. 1948मध्ये मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचंच संप्रेरक दिलं गेलं आणि चित्र पालटलं. 1950चं नोबेल केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना याच संशोधनासाठी मिळालं. ज्या आजाराने अ‍ॅडिसनचे रुग्ण दगावले, तो आजार असलेले जॉन केनेडी 1961मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं यश वाटतं.

दरम्यान 1936मध्ये हान्स सेल्ये यांनी ताणाचा सिद्धान्त मांडला. शरीर आधी सावध होतं, मग तग धरतं, शेवटी थकतं, असे तीन टप्पे त्यांनी सांगितले. त्यातला शेवटचा टप्पा लोकांच्या मनात घर करून बसला. खरं तर सेल्ये यांच्या ताणाखालच्या उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या, आणि हाच तपशील विसरला गेला. 1998मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकी कायरोप्रॅक्टरने ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे नाव रूढ केलं. 2001मध्ये त्याचं पुस्तक आलं. सततच्या ताणाने ग्रंथी दमतात, म्हणून सकाळी उठवत नाही, दुपारी डोळे मिटतात, खारट-गोड खावंसं वाटतं, असं त्याचं म्हणणं. ही लक्षणं कोणाला ओळखीची वाटणार नाहीत? म्हणून तर नाव जगभर पसरलं आणि त्यामागून गोळ्यांच्या बाटल्या आल्या.

2016मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी 58 अभ्यास तपासले. असा आजार असल्याचा आधार त्यांना मिळाला नाही. 2018मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा 12 पूरक औषधांची तपासणी झाली, तेव्हा सगळ्यांत थायरॉइडचं संप्रेरक आणि सातांत स्टेरॉइड संप्रेरकं आढळली. थकलेल्या माणसाच्या हाती हे द्यावं, याचा मला मनापासून राग येतो.

कारण अ‍ॅड्रिनलचा खरा आजार आपल्याकडे आहे. भारतात क्षय अजूनही त्याचं एक कारण आहे. वजन उतरणं, मळमळ, उभं राहताच घेरी, मिठाची विलक्षण ओढ, तळहाताच्या रेषा, हिरड्या आणि जुने व्रण काळे पडणं ही त्याची खूण. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल तपासतात, शंका उरली तर ग्रंथीला चालना देणारं एसीटीएच देऊन पुन्हा मोजतात. उपचार जन्मभराचे असतात. हायड्रोकॉर्टिसोन रोज घ्यावं लागतं, तापात डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी लागते, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. नीट उपचार घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो.

दुसरा प्रकार आपणच ओढवून घेतो. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलं, बरं वाटलं आणि एका दिवशी बंद केलं, की सुस्तावलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही. रक्तदाब कोसळून माणूस दगावूही शकतो. मात्रा आठवड्या-महिन्यांनी हळूहळू उतरवली तर बहुतेकांच्या ग्रंथी पुन्हा काम करू लागतात. दुकानातून आणलेली, नाव नसलेली सांधेदुखीची पुडीही डॉक्टरांना दाखवायला हवी. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

आणि ग्रंथी ठणठणीत असूनही अंगात त्राण नसलेले असंख्य लोक? त्यांचा थकवा शंभर टक्के खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. घरातली सगळी जेवल्यावर उरलेलं खाणारी बाई थकते, तेव्हा तिला हिमोग्लोबिनची तपासणी हवी. थायरॉइड, बी-12, मधुमेह, झोपेत घोरून श्वास अडकणं, नैराश्य हेही तपासण्याजोगं आहे. काही वेळा रोजची चार तास लोकल आणि रात्रीची अपुरी झोप हेच उत्तर निघतं.

थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर बाटली मागवू नका, रक्त तपासून घ्या. आणि स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही बंद करू नका.