यंत्राचा वाद आणि न मोजलेलें काम

हल्लीं वर्तमानपत्र उघडावें तों पहिल्या नाहीं तर दुसऱ्या पानावर एखाद्या नव्या यंत्राची बातमी असते, आणि दुपार होईपर्यंत तिच्यावर घराघरांतून, कचेऱ्यांतून, आगगाडीच्या डब्यांतून वाद सुरू झालेला असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र आतां पत्रें लिहितें, हिशेब तपासतें, क्ष-किरण छायाचित्रांवर मत देतें. तेव्हां इतके लाख लोक घरीं बसणार, असें एक पक्ष छातीठोकपणें सांगतो. दुसरा पक्ष तितक्याच छातीठोकपणें म्हणतो कीं, ही ओरड प्रत्येक यंत्राच्या वेळीं झाली व प्रत्येक वेळीं खोटी ठरली. आमच्या घरीं रात्रीच्या जेवणाला हा सामना माझा धाकटा भाऊ आणि माझा मुलगा यांच्यांत रंगतो, आणि दोघेही मला आपापल्या बाजूचा साक्षीदार म्हणून ओढतात. कारण असा एक वाद मीं अगदीं आंत बसून पाहिला आहे. १९७९ सालीं मी पुण्यांतील एका बँकेच्या शाखेंत कारकून म्हणून लागलों, आणि बँकांत संगणक यावा कीं येऊं नये या प्रश्नावर माझ्या तरुणपणाचीं कित्येक वर्षें घोषणा देण्यांत, सभा ऐकण्यांत व चहाच्या टपरीवर भांडण्यांत गेलीं. त्या वादांत दोन्ही पक्षांचे अंदाज चुकले, आणि जें खरोखर घडलें त्याचा उच्चार तेव्हां आमच्यापैकीं कोणीच केला नव्हता.

हा वाद बँकांच्याही आधींचा आहे. साठीच्या दशकांत आयुर्विमा महामंडळानें मोठा संगणक आणावयाचें ठरविलें, तेव्हां कर्मचारी संघटना खवळून उठल्या. कलकत्त्यास तर ज्या इमारतींत तो बसवावयाचा होता तिच्यापुढें कर्मचाऱ्यांनीं रात्रंदिवस पहारा ठेवला. धुरळा इतका उडाला कीं, केंद्र सरकारला स्वयंचलित यंत्रांच्या प्रश्नावर एक समिति नेमावी लागली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते, व तिचा अहवाल १९७२ सालीं आला. त्याच सुमारास दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं भारतांतील दारिद्र्याची मोजदाद करून देशाला हादरा दिला होता. बेकारी म्हणजे काय, हें या माणसाला कोणी शिकवावयास नको होतें. पहारा ठेवणारे ते कारकून अडाणी होते, प्रगतीचे शत्रु होते, असें आज कित्येक लोक सहज बोलून जातात. मला तें पटत नाहीं. एका पगारावर सहा-सात माणसें जेवत होतीं, आणि दुसरा पगार कोठून येणार याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. अशा माणसानें यंत्राकडे संशयानें पाहूं नये तर काय करावें?

आतां बँकेंतील काम म्हणजे काय असे, तें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. आपण चेक घेऊन काउंटरशीं आलांत कीं, कारकून आपल्या हातावर पितळेचें एक क्रमांकाचें टोकन ठेवी. मग तो चेक खातेवहीकडे, म्हणजे आमच्या भाषेंत लेजरकडे, जाई. लेजर म्हणजे दोन्ही हातांनीं उचलावें लागे असें बाड. त्यांत आपलें पान काढून रक्कम वजा करावयाची, शिल्लक ओढावयाची, बाजूला आद्याक्षर टाकावयाचें. पुढें अधिकारी नमुन्याच्या कार्डावरील सही काढून चेकवरील सहीशीं ताडून पाही, आणि मगच तो चेक कॅशियरच्या पिंजऱ्यांत पोंचे. एवढ्या अवधींत आपण बांकावर बसून भिंतीवरचें कॅलेंडर दोनदां वाचलेलें असे. संध्याकाळीं दिवसभराच्या जमाखर्चाचा मेळ बसला नाहीं तर घरीं जाणें नाहीं. मला आठवतें, एकदां ९० पैशांच्या फरकासाठीं आम्ही चौघे रात्रीं साडेनऊपर्यंत बसलों होतों, आणि अखेर तो फरक माझ्याच एका घाईच्या बेरजेंत सांपडला. जून आणि डिसेंबर हे तर व्याजाचे महिने. बचत खात्यावरचें व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमींत कमी शिल्लक असेल तिच्यावरच मिळे. कोणी ११ तारखेला पैसे भरले तर त्या महिन्याचें त्यांचें व्याज बुडालें. रोजच्या शिलकेवर व्याज देण्याची पद्धत १ एप्रिल २०१० पासून सुरू झाली. हजारों खात्यांचा रोजचा हिशेब हातानें करणें अशक्यच होतें. म्हणजे ग्राहकाचे हे चार पैसे यंत्रानेंच त्याला मिळवून दिले, हें आमच्यासारख्या जुन्या घोषणावाल्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

८ सप्टेंबर १९८३ रोजीं बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यांत यंत्रांविषयीं करार झाला. पुढल्या वर्षीं रिझर्व्ह बँकेचे तेव्हांचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, आणि शाखाशाखांतून यंत्रें दिसूं लागलीं. त्यांना नांव होतें ‘लेजर पोस्टिंग मशीन’. संगणक हा शब्द तेव्हां इतका ज्वालाग्राही झाला होता कीं, आमच्या शाखेंत त्या पेटीला त्या नांवानें कोणी हांक मारीत नसे. पण मला आज विशेष आठवतें तें त्या वेळच्या वादाचें गणित. व्यवस्थापन म्हणे, एक कारकून दिवसाला इतकीं व्हाउचरें चढवितो, यंत्र इतकीं चढवील. संघटना म्हणे, म्हणजेच इतके कारकून कमी होतील. आंकडे निरनिराळे असत, परंतु मोजण्याची वस्तु दोघांचीही एकच होती: व्हाउचर. कारकुनाचें काम म्हणजे व्हाउचर चढविणें, यावर मालक आणि कामगार यांचें पूर्ण एकमत होतें. मींही तेंच मत धरून घोषणा दिल्या.

पुढें काय झालें? ज्याची भीति होती ती कपात त्या वेळीं झाली नाहीं. मुंबईंत हाँगकाँग बँकेनें १९८७ सालीं पैसे देणारें पहिलें यंत्र बसविलें, तरी कॅशियर कांहीं नाहींसा झाला नाहीं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दिल्लीस आणि मागोमाग मुंबईस रेल्वेचें आरक्षण संगणकावर गेलें. ज्यांनीं अमुक गाडीची एक खिडकी व तमुक गाडीची दुसरी खिडकी अशा रांगांत सुटीची सकाळ घालविली आहे, त्यांना त्या सुखाचें वर्णन करावयास नको. माझा मुलगा येथवर ऐकतो आणि विजयी मुद्रेनें काकाकडे पाहतो. परंतु २००० व २००१ या सालांत सरकारी बँकांनीं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि सुमारें एक लाख माणसें बाहेर पडलीं; त्यांच्या जागा तशाच भरल्या गेल्या नाहींत. ज्याची नोकरी जाते त्याला चेहरा असतो, संघटना असते, तो मोर्चा काढतो. जी जागा भरलीच गेली नाहीं, ती कोणाला मिळाली असती हें कोणालाच ठाऊक नसतें; त्या तरुणाला स्वतःलाही नसतें. म्हणून तिच्यासाठीं कधीं घोषणा झाल्याचें ऐकिवांत नाहीं. येथें माझा भाऊ विजयी मुद्रा करतो.

पण या दोघांच्या भांडणांत जी गोष्ट कधींच येत नाहीं, ती मला सांगावयाची आहे.

आमच्या शाखेंत एक निवृत्त शाळामास्तर येत. एके दिवशीं ते आपली मुदत ठेव मोडावयास आले. बरोबर एक पुतण्या होता, आणि बोलत होता तो पुतण्याच. आमच्या अधिकाऱ्यांनीं फॉर्म पाहिला, मास्तरांची सही पाहिली, सही नेहमींपेक्षां कांपरी होती. त्यांनीं मास्तरांना आंत बोलावून बसविलें, चहा मागविला, पुतण्याला बाहेर थांबावयास सांगितलें आणि हळूच विचारलें, “मास्तर, एवढी रक्कम एकदम कशासाठीं हो?” मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, राहूं द्या आज.” ती ठेव त्या दिवशीं मोडली नाहीं, पुढेंही मोडली नाहीं. या चहाची नोंद कोणत्या वहींत होणार? त्या दिवशीं त्या अधिकाऱ्यांनीं पास केलेल्या व्हाउचरांत तर एक कमीच भरलें. यंत्र आलें तें मोजलेलें काम उचलण्यासाठीं, आणि तें त्यानें चोख उचललें. हें न मोजलेलें काम मात्र त्याच काउंटरला चिकटलेलें होतें. काउंटर रिकामा झाला, तेव्हां तेंही कोणाच्या लक्षांत न येतां निघून गेलें.

मागील वर्षीं आमच्या शेजारच्या काकूंना फोन आला. काकू ७४ वर्षांच्या, एकट्या राहतात. पलीकडचा माणूस आपण पोलीस अधिकारी असल्याचें सांगत होता. तुमच्या नांवानें गुन्हा आहे, फोन ठेवाल तर अटक होईल, असें म्हणून त्यानें त्यांना तीन तास जागचें हलूं दिलें नाहीं. अशी फोनवरून होणारी अटक कायद्यांत कोठेंही नाहीं. पण भ्यालेल्या माणसाला कायदा आठवत नाहीं. फोनवर आलेले आंकडे त्या त्याला वाचून दाखवीत गेल्या. यंत्राच्या दृष्टीनें पाहिलें तर त्या दुपारीं चूक कोठेंच झाली नव्हती: खातें बरोबर, परवलीचा शब्द बरोबर, आंकडे बरोबर. “काकू, एवढी रक्कम एकदम कशासाठीं हो?” एवढें विचारणारें तेवढें कोणी नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मी त्यांच्याबरोबर शाखेंत गेलों. तेथील तरुण अधिकारी अतिशय सौजन्यानें वागला. त्याच्यावर माझा राग नाहीं. त्यानें १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून दिली आणि नियम समजावून सांगितला. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं ठरवून दिलें आहे कीं, दोष ग्राहकाचाही नाहीं व बँकेचाही नाहीं अशा फसवणुकींत, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकाला झळ लागूं नये. परंतु गुप्त आंकडे ग्राहकानें स्वतःच दिले असतील, तर तक्रार करीपर्यंतचें सारें नुकसान त्याचें. नियम स्पष्ट आहे. पूर्वीं सही ताडून पाहणें, चेहरा पाहणें, शंका घेणें हें पगारी नोकराचें काम होतें. आतां तें काकूंचें काम झालें आहे, आणि तें नीट न केल्याचा दंडही काकूंनाच.

माझा मुलगा यावर म्हणतो, “बाबा, हाही प्रश्न यंत्राला शिकवतां येईल. एरवीं हजार काढणारी बाई लाख काढूं लागली कीं तें थांबेल.” त्याचें म्हणणें खरें आहे, तशीं यंत्रें बँकांत आहेतही, आणि तीं सुधारतील. पण यंत्राला शिकवावयाचें काय, हें ठरविण्यासाठीं आधीं तें काम आहे असें कोणाला तरी दिसावें लागतें, आणि आम्हांला तें चाळीस वर्षें दिसलें नाहीं. दुसरी गोष्ट मींच कबूल करतों, ती त्याला सुचली नव्हती. त्या काउंटरवरची माया सर्वांना सारखी मिळत नसे. मास्तरांना चहा मिळाला. त्याच बांकावर बसलेल्या मोलकरणीला पैसे भरण्याची स्लिप चुकली म्हणून आम्हीच दोनदां परत पाठविलें असेल. यंत्र तिला निदान वेडावून दाखवीत नाहीं.

परवांच्या रात्रीं पुन्हां नेहमींचा सामना सुरू झाला; विषय होता क्ष-किरण छायाचित्रें वाचणारें यंत्र. लाखांचे आंकडे निघूं लागले, तेव्हां मीं दोघांनाही थांबविलें आणि एक कागद पुढें ठेवला. म्हटलें, त्या खोलींतला माणूस दिवसभरांत छायाचित्र वाचण्याखेरीज आणखी काय काय करतो, तेवढें लिहा. भावाला त्याच्या हाताचें हाड मोडलें होतें तेव्हांची गोष्ट आठवली: छायाचित्र काढणाऱ्या बाईंनीं त्याचा चेहरा पाहून आधीं खुर्ची दिली होती. मुलानें तें कागदावर लिहिलें. अर्धा कागद भरला तोंवर कढी गार झाली होती.

काकूंचे पैसे अद्याप परत आलेले नाहींत. दर महिन्याला निवृत्तिवेतन जमा झालें कीं त्या पासबुक घेऊन शाखेंत जातात. पासबुक छापणारें यंत्र दारांतच आहे, रांगही नसते. पण त्या तेथें थांबत नाहींत. आंत दोनच काउंटर चालू असतात. त्यांतला जो लांब रांगेचा, तिथें जाऊन त्या उभ्या राहतात, कारण तिथली मुलगी त्यांना नांवानें ओळखूं लागली आहे.