अंगणातली हिरवळ कुत्र्यामुळं जळतेय? युरिया नको, पाणी मारा

शेतात हरळी दिसली की आपण ती मुळासकट खणून काढतो. पण आता गावातही नव्या बंगल्यापुढं हौसेनं हरळीचं लॉन लावलं जातंय. राखणीला कुत्रं असतंच. मग हिरवळीवर ताटलीएवढे पिवळे डाग पडतात. रोग समजून कुणी औषध फवारतं, कुणी युरिया टाकतं. दोन्ही चूक.

कुत्र्याच्या लघवीतच युरिया असतो. तो एकाच जागी जास्त पडला की गवत करपतं, पिकाला खत जास्त झाल्यावर करपतं तसंच. डागाच्या कडेला गवत उलट गर्द हिरवं दिसतं, कारण तिथं युरिया बेताचा पोचतो. ही कड ओळखा. कुत्री बसून लघवी करते, म्हणून तिचे डाग जास्त उठून दिसतात.

उपाय सोपा आहे. कुत्र्यानं लघवी केली की लगेच त्या जागी भरपूर पाणी ओता. सकाळी त्याला रोज एकाच ठरलेल्या कोपऱ्यात न्या, सवय लागते. करपलेलं गवत खरवडून काढा. बाजूची हरळी पसरून जागा भरते. लघवीचा जोर कमी व्हावा म्हणून कुत्र्याला मीठ, सोडा चारू नका.

विष्ठा मात्र रोज उचला. तिच्यातून जंत मातीत उतरतात. काहींच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, खाज सुटते. त्याच हिरवळीवर आपली लेकरं खेळतात. कुत्र्याचं जंताचं औषध आणि रेबीजची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या.