मागे राहिलेली टाकी

शिरपूर जैन म्हटले की अंतरिक्ष पार्श्वनाथ आठवतात. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले हे तीर्थ. पूजेच्या हक्कावरून श्वेतांबर आणि दिगंबर पंथांत चाललेल्या वादामुळे १९८१ पासून कुलपात असलेले मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. तो इतिहास इथे सांगायचा नाही. पण ज्या धर्माने या गावाला नाव दिले, त्याच्या साधूंसाठी सांगितलेला एक नियम आपल्या विषयाला थेट भिडतो. साधूने पाळायच्या पाच समित्यांपैकी शेवटची उत्सर्ग समिती. मलमूत्राचे विसर्जन करायचे ते जागा निरखून, जीवजंतू नसलेल्या भूमीवर, कोणाला पीडा होणार नाही अशा बेताने. खाणे, चालणे, बोलणे यांच्याइतकाच टाकण्यालाही विवेक लागतो, हे त्यामागचे सूत्र.

आता चाकांवरची फिरती शौचालये पाहा. खाली लोखंडी किंवा प्लास्टिकची टाकी, वर पत्र्याच्या खोल्या. यात्रा, मोठे लग्न, रस्त्याचे काम, मजुरांचा तळ, सगळीकडे ती दिसू लागली आहेत. पंढरीच्या वाटेवर ‘निर्मल वारी’ने त्यांना मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. सोय चांगलीच आहे. प्रश्न उभा राहतो तो काम संपल्यावर. मंडप उतरतो, ठेकेदार पुढच्या गावी जातो आणि एखादी ट्रॉली कोणाच्या तरी वावरात, धुऱ्याला टेकून उभी राहते. टाकी भरलेली असते. ज्यांनी ती भरली ते निघून गेले, ज्याने आणली त्याचा फोन लागत नाही. उरतो तो जमिनीचा मालक. त्याने काय करावे?

आधी टाकीत काय असते ते समजून घेऊ. साठलेल्या मैल्याचे काही काळात थर पडतात. वर घट्ट साय, मध्ये पाणी, तळाशी गाळ. ऊन लागून पाणी आटले की गाळ खरवडूनही निघत नाही. हवा नसलेल्या टाकीत मैला कुजताना मिथेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. शेवटच्या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणून ‘आता वास येत नाही’ हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. मिथेन पेट घेतो. टाकीचे झाकण उघडून आत पाहण्यासाठी काडी ओढणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

अशा वेळी गावोगाव तीन उपाय सुचतात आणि तिन्ही चुकीचे आहेत. पहिला, रात्री तोटी सोडून मैला नाल्यात घालवणे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने प्रवाहात किंवा विहिरीत घाण सोडण्यास मनाई आहे. दुसरा, जेसीबीने खड्डा मारून पुरून टाकणे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खालचा बेसाल्ट खडकही फटींचा असतो. त्या फटींतूनच विहिरींना पाणी येते. मैल्याचे पाणीही त्याच वाटेने जाते. तिसरा उपाय सर्वांत वाईट: दोन-चारशे रुपये देऊन कोणाला तरी टाकीत उतरवणे. २०१३ च्या कायद्यानुसार मलटाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्यातील मलटाकी ‘साधारणतः’ जमिनीखालची आहे, हे खरे. पण टाकी चाकांवर आहे म्हणून आतला वायू सौम्य होत नाही. गटारात आणि मलटाकीत मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलेली १० लाखांची भरपाई २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. आकडा वाढला, कारण मरण थांबले नव्हते.

योग्य वाट साधी आहे, फक्त तिला थोडे कष्ट लागतात. प्रथम फोटो काढून ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. शौचालय कोणी मागवले होते, त्या आयोजकाचे वा कंत्राटदाराचे नाव अर्जात असावे. झाकण दुरूनच उघडे ठेवून हवा खेळू द्यावी, मुले आणि गुरे लांब ठेवावीत. गाळ घट्ट झाला असेल तर बाहेरूनच पाणी सोडून एक-दोन दिवस भिजू द्यावा आणि मग मलटाकी उपसणारा टँकर बोलवावा. दुर्गंधी घालवणारे निळे औषध टाकीत पडले असेल तर टँकरवाल्याला सांगावे, कारण त्यातली काही रसायने मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाच मारतात.

आणि टँकर आला की एक प्रश्न जरूर विचारावा: हे तू कुठे रिकामे करणार? उत्तर ‘बघतो कुठेतरी’ असे आले तर आपण घाण दूर केली नाही, फक्त दुसऱ्याच्या वावरात पाठवली. मैला प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे. केंद्र आवाक्यात नसेल तर खोल चरात मैला घालून मातीने झाकण्याची पद्धत आहे. पण जागा विहिरी-ओढ्यांपासून दूर, भूजल खोल असलेली आणि स्थानिक यंत्रणेने ठरवलेली हवी. पावसाळ्यात ती करूच नये.

मैला शेतीला चालतो की, असे कोणी म्हणेल. चालतो, पण पिकल्यावर. जंताची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. २० ते ३५ अंश तापमानात, नवी भर न घालता, मैला वर्षाहून अधिक काळ साठवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांगितले. आपल्या भाषेत त्या पिकलेल्या मैल्याला ‘सोनखत’ हा सुंदर शब्द आहे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच हाताने करून दाखवले. मैल्याचे खत करणारे संडास घडवताना त्यांना संडासाइतकीच जातही बदलायची होती. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास आरंभला. मैला कोणी उचलायचा, हा प्रश्न त्यांच्यासाठी मैल्याचे काय करायचे याहून वेगळा नव्हता.

हीच सांगड साताऱ्याच्या वाईने नगरपालिकेच्या पातळीवर घातली. तिथे २०१८ पासून मलटाक्या तुंबण्याची वाट न पाहता, सुमारे तीन वर्षांच्या पाळीने यंत्राने उपसल्या जातात आणि मैला प्रक्रिया केंद्रात जातो. गाडी येते ती तक्रारीमुळे नव्हे, वेळापत्रकामुळे.

फिरत्या शौचालयांसाठी असे वेळापत्रक करारातच लिहिता येईल: किती टाक्या आणल्या, कोण उपसणार, कुठे नेणार, आणि रिकामी केल्याची पावती दाखवल्याशिवाय अनामत परत मिळणार नाही. अर्ध्या पानाचे काम आहे. यात्रेची परवानगी देताना ग्रामपंचायतीने, मंडप ठरवताना वधूपित्याने, जमीन भाड्याने देताना शेतकऱ्याने ते करून घ्यावे. मग धुऱ्याला टेकलेल्या त्या टाकीला मालक असेल, आणि पाचव्या समितीतला विवेक साधूंपुरता राहणार नाही.