पक्षाघातानंतरची उदासी: हट्ट नव्हे, आजार

पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे तिघांत एकाला पुढे नैराश्य येते. आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा घरोघरी वेगळेच ऐकतो, "बाबा हट्टी झालेत, व्यायामच करीत नाहीत." हा हट्ट नसून आजार असू शकतो.

रक्त तपासून तो ओळखता येईल काय, याचे संशोधन चालू आहे. शरीरातला दाह दाखविणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, ताणाचे कॉर्टिसॉल अशा घटकांची मोजमापे झाली. पण खुद्द पक्षाघाताने आणि साध्या जंतुसंसर्गानेही दाह वाढतोच! म्हणून अमुक आकडा म्हणजे नैराश्य, असे ठरविणारी चाचणी अद्याप नाही. अशा तपासणीवर पैसे घालण्यापूर्वी डॉक्टरांना कारण विचारावे.

सर्वांना सरसकट गोळ्या देणेही बरे नाही. ब्रिटनमधील 'फोकस' चाचणीत (२०१८) ३,१२७ रुग्ण होते. फ्लुओक्सेटिनमुळे नैराश्य कमी जणांना आले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. निदान झालेल्याने मात्र उपचार टाळू नयेत.

वाचा गेलेला माणूस मनातले सांगणार कसे? त्याचे जेवण, झोप, रडणे यांवर सुनेनेच नव्हे, मुलानेही लक्ष ठेवावे. दोन आठवडे बिघाड दिसला तर डॉक्टरांना आपणहून सांगावे. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी.