खडूचा हिशेब

स्पेनच्या तापासवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या मनात रंगीबेरंगी बशा असणार. मी मात्र सेव्हिलहून परतले ती एका लाकडी काउंटरवरचे खडूचे आकडे डोळ्यांत घेऊन. त्यामुळे हा लेख जितका खाण्याचा, तितकाच हिशेबाचा आहे.

सेव्हिलच्या जुन्या वस्तीत, सांता कातालिना चर्चच्या जवळ ‘एल रिंकोन्सियो’ नावाचा बार आहे. नावाचा अर्थ छोटासा कोपरा. स्थापना १६७० ची, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या चार वर्षं आधीची. १८५८ पासून तो दे रुएदा कुटुंबाकडे आहे. भिंतींवर जुन्या रंगीत फरश्या, बाटल्यांनी भरलेली काळपट लाकडाची कपाटं, आणि छताला ओळीनं टांगलेल्या डुकराच्या अख्ख्या तंगड्या. हा हामोन. मीठ लावून, महिनोन्महिने हवेवर मुरवलेला. प्रत्येक तंगडीच्या टोकाला एक छोटीशी वाटी खोचलेली असते. गरमीनं चरबी पाझरते, ती खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून.

तापा म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाचा नाहीतर हामोनचा तुकडा ठेवायची पद्धत होती, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. राजेमहाराजांची नावं घेऊन या कथा रंगवल्याही जातात. महत्त्वाची आहे ती रीत. तापा हे जेवण नव्हे. दोनचार घासांची एक बशी, सोबत बियरचा लहान पेला किंवा हेरेस गावची कोरडी, फिकी फिनो वाइन. ते संपलं की पुढच्या बारकडे. अर्धी संध्याकाळ चालण्यात जाते आणि अर्धी उभं राहून बोलण्यात.

मी पालक-छोले मागवले. ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ असं भारदस्त नाव असलं तरी पहिल्या घासाला जिऱ्याचा वास आला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. लसूण, तळून कुटलेला पाव, जिरं, लाल मिरचीची पूड, ऑलिव्ह तेल. १२४८ मध्ये कास्तीलच्या राजानं हे शहर जिंकलं, त्याआधी इथं पाचशेहून जास्त वर्षं मुसलमानी सत्ता होती. पालक स्पेनला अरबांनी दिला. मिरची मात्र अमेरिकेहून आली, आणि अमेरिकेशी चालणाऱ्या स्पेनच्या व्यापाराची कचेरी १५०३ पासून याच शहरात, ग्वादालकिविर नदीच्या काठी होती. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली. बटाट्याचं तर नावच आपण त्यांच्याकडून घेतलं. एका बशीत एवढे प्रवास मुरलेले असतात.

नंतर ‘पाबिया’ आली. खारवलेल्या कॉड माशाची जाड पट्टी पिठात बुडवून तळलेली, आपल्या भज्यासारखी. वरचं आवरण कुरकुरीत, आत माशाचे पांढरे पदर ओले आणि मऊ. हात पोळत असतानाच खावी.

बशी ठेवताना काउंटरमागच्या वेटरनं माझ्या समोरच्या लाकडावर खडूनं आकडा लिहिला. वही नाही, कागद नाही, टेबलाचा नंबर नाही. तुम्ही जिथं उभे राहता तेच तुमचं खातं. दुसरी बशी आली की पहिल्याखाली दुसरा आकडा. निघताना रेघ ओढायची, बेरीज करायची, पैसे घ्यायचे आणि ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं. पुढच्या माणसासाठी पाटी कोरी.

त्या दुपारी मी जवळजवळ दोन तास त्या माणसाचे हात बघत होते. पांढरा शर्ट, वय साठीकडे झुकलेलं. डाव्या हातात तीन बशा, उजव्या हातानं फिनो ओतणं, आणि त्यातच खडू. समोर दहाबारा गिऱ्हाईकं, दोघंतिघं एकदम बोलतायत, कोणी सरकून जागा देतंय, कोणी त्या जागेत घुसतंय. गर्दीत मी हातभर बाजूला ढकलले गेले आणि माझा हिशेब एका आजोबांच्या कोपरापाशी राहिला. वेटरनं न विचारता तो तिथं पुसला आणि माझ्यासमोर पुन्हा लिहिला. थोड्या वेळानं माझ्याच बाहीनं एक आकडा पुसला गेला. मी काही सांगायच्या आत त्यानं तो होता तसाच मांडला.

तेव्हा कळलं की खडू त्याच्यासाठी नव्हताच. सगळा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता. लाकडावरचे आकडे माझ्यासाठी होते: काय खाल्लं, किती झालं, हे मला आणि शेजारी उभ्या असलेल्यांना उघड दिसावं म्हणून. असा चारचौघांत मांडलेला हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. उत्तरेला बास्क प्रांतातल्या कित्येक बारमध्ये पदार्थात खोचलेल्या आणि खाऊन झाल्यावर बशीत उरलेल्या काड्या मोजून पैसे घेतात. तिथं भरवसा गिऱ्हाइकावर टाकलेला असतो. इथं तो दोन्ही बाजूंनी आहे. २००२ मध्ये पेसेटा जाऊन युरो आला, पूर्ण आकड्यांच्या जागी दशांश आले, तरी खडू टिकला.

पुढं टिकेल का, याची मला मनापासून काळजी वाटते. यंत्राची मला तेवढी भीती वाटत नाही. बिलाचं यंत्र शेजारी असलं तरी खडू चालू शकतो. पण खडूला समोर उभा राहणारा माणूस लागतो, आणि तोच कमी होत चालला आहे. शहराच्या मध्यवस्तीतली घरं पर्यटकांना रात्रीच्या भाड्यानं दिली जातात. भाडी चढली तशी तिथली कुटुंबं बाहेरच्या वस्त्यांत गेली. रोज दुपारी दीडला येऊन एक पेला आणि एक तापा घेणारे आजोबा दोन बस बदलून येणार नाहीत. त्यांच्या जागी आमच्यासारखे येतात: टेबल हवं, फोटोंचा मेन्यू हवा, सगळं एकदम मागवायचं आणि वाटून खायचं. टेबल आलं की कागदी बिल आलंच.

दुसरी अडचण माणसांची. हे काम दुपारी एक पाळी आणि रात्री दुसरी असं दुभंगलेलं असतं, मधल्या वेळात घरी जाऊन येणंही धड होत नाही. तरुण मुलं ते नको म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण बारा गिऱ्हाइकांचा हिशेब डोक्यात ठेवणारा माणूस तीन महिन्यांच्या करारावर तयार होत नाही. तो एका काउंटरमागं वर्षानुवर्षं राहावा लागतो, आणि मालकानं त्याला तसं राहता येईल एवढा पगार द्यावा लागतो. त्यात भर पडली ती कोविडची: त्या काळात स्पेनच्या अनेक भागांत काउंटरपाशी उभं राहून खाण्यावर बंदी होती. ती उठली, पण बसून खायची सवय मागं राहिली.

त्या दुपारी मी निघताना वेटरनं रेघ ओढली, ओठ न हलवता बेरीज केली, आकड्याभोवती गोल काढला. मी पैसे ठेवले. फडकं एकदाच फिरलं आणि लाकूड पुन्हा काळं झालं.

सेव्हिलला गेलात तर टेबल मागू नका. काउंटरपाशी उभे राहा, एका वेळी एकच तापा मागवा, आणि समोरच्या आकड्यांवर बाही टेकू देऊ नका.